हिरव्या डोंगराचं दुखणं ओळखणाऱ्या मीराबेन

गांधीजींचे जुने फोटो पाहताना त्यांच्या आसपास एक उंच, गोरी बाई दिसते. जाडीभरडी खादी नेसलेली, डोक्यावरचे केस बारीक कापलेले, पदर घट्ट ओढून घेतलेला. १९८२ साली आलेल्या गांधी सिनेमातही ती आहे. शाळेच्या पुस्तकात तिची ओळख एका ओळीत संपायची. इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची मुलगी, गांधीजींची शिष्या, मीराबेन. बस्स.

पण मैत्रिणींनो, मला आज सांगायचंय ते गांधीजी गेल्यानंतरच्या मीराबेनबद्दल. पुस्तकातली ओळ जिथं संपते ना, तिथून पुढं त्यांनी हिमालयातल्या एका खोऱ्यात राहून जे पाहिलं, ते त्या काळी मोठमोठ्या साहेबांनाही दिसलं नव्हतं. जंगल तुटलं की डोंगर उजाड होतो हे आपल्याला कुणीही सांगेल. डोंगर हिरवागार दिसत असतानाही त्याचं जंगल मेलेलं असू शकतं, हे मीराबेननी सांगितलं. आणि ते त्यांना समजलं ते पाचोळा चिवडून आणि डोंगरातल्या बायकांच्या डोक्यावरचे भारे बघून.

त्यांचं मूळ नाव मॅडेलिन स्लेड. जन्म १८९२चा, इंग्लंडातला. वडील आरमारात मोठ्या हुद्द्यावर, त्यामुळे सतत समुद्रावर. मॅडेलिनचं बालपण बरंचसं आजोळी गेलं. आजोबांचं मोठं घर, शेत, गोठा, घोडे, भोवती भरपूर झाडी. खेळण्यांपेक्षा तिला गाईगुरं आणि झाडं जवळची वाटायची. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढं आयुष्यात एवढ्या उलथापालथी झाल्या, पण ही आवड शेवटपर्यंत सुटली नाही.

ती पंधरा-सोळा वर्षांची असताना वडिलांची नेमणूक मुंबईला झाली. म्हणजे आपल्या मुंबईत ती दोन वर्षं राहून गेली होती! पण ते राहणं साहेबांच्या बंगल्यातलं. पार्ट्या, नाच, घोड्यावरची रपेट. खरा हिंदुस्थान तिला दिसलाच नाही. परत गेली ती मनात एक पोकळी घेऊन. ही पोकळी काही काळ संगीतानं भरून काढली. बेथोवेन या जर्मन संगीतकारानं तिला वेड लावलं होतं. त्याच्यावर लिहिणाऱ्या रोमाँ रोलाँ या फ्रेंच लेखकाला भेटायला ती थेट स्वित्झर्लंडला गेली आणि तिथं तिला वेगळंच नाव ऐकायला मिळालं, गांधी. रोलाँ यांचं गांधीजींवरचं पुस्तक तिनं वाचलं आणि आयुष्याची दिशाच ठरली.

पण भावनेच्या भरात बॅग भरून निघाली, असं नाही केलं तिनं. आधी एक वर्ष स्वतःची परीक्षा घेतली. मांसाहार सोडला, दारू सोडली, जमिनीवर बसायला-झोपायला शिकली, लोकर पिंजून सूत काढायला शिकली, उर्दूचे धडे घेतले. आणि मग नोव्हेंबर १९२५ मध्ये साबरमतीच्या आश्रमात येऊन दाखल झाली. गांधीजींनी तिला मुलगी मानलं आणि नाव दिलं मीरा. माहेर असं मागं टाकून परक्या घरी येणं म्हणजे काय असतं, हे आपल्या बायकांना सांगायला नको. फरक इतकाच की हिला कुणी लग्न लावून पाठवलं नव्हतं.

पुढची वीस-बावीस वर्षं मीराबेन गांधीजींच्या सावलीसारख्या राहिल्या. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी त्यांच्याबरोबर लंडनला गेल्या. तुरुंगात गेल्या, एकदा नव्हे, अनेकदा. आपल्या वर्ध्याजवळच्या सेगावात गांधीजींच्या आधी जाऊन राहिल्या त्या मीराबेनच. हेच सेगाव पुढं सेवाग्राम झालं. तिथली बापूकुटी तुमच्यापैकी कित्येकींनी पाहिली असेल. ती मुळात मीराबेनची झोपडी. मी गेले होते तेव्हा मातीच्या भिंतीवर उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा बघून किती वेळ तिथंच उभी राहिले. शेणामातीनं सारवलेल्या भिंतीवर असं नक्षीकाम करणारे हात एका इंग्रज अॅडमिरलच्या लेकीचे होते, हे सांगितल्याशिवाय कुणाला कळणारही नाही.

१९४२च्या ऑगस्टमध्ये गांधीजींबरोबर त्यांनाही पकडलं आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. तिथं आधी महादेवभाई गेले, मग फेब्रुवारी १९४४ मध्ये कस्तुरबा गेल्या. दोन्ही मरणं मीराबेननी जवळून पाहिली. त्याच वर्षी सुटका झाली तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. आपल्याकडे या वयात बाईला सांगतात, आता आराम करा, देवाचं करा. मीराबेननी मात्र ठरवलं की आता आपलं स्वतःचं काम सुरू करायचं. गाव, शेती आणि गुरं हे त्यांचे विषय. रुडकी आणि हरिद्वारच्या मधल्या भागात त्यांनी किसान आश्रम काढला. नंतर ऋषिकेशजवळ पशुलोक नावाचं गुरांचं केंद्र उभं केलं. गांधीजींच्या हत्येची बातमी त्यांना इथंच कळली. त्या दिल्लीला धावल्या नाहीत. आपल्या कामाच्या जागी, आपल्या गुरांमध्येच राहिल्या. लोकांना तेव्हा नवल वाटलं असेल. मला विचाराल तर ज्या माणसासाठी सगळं सोडून आलो त्याचं अंत्यदर्शनही न घेता त्यानं सांगितलेलं काम करत राहणं, याला फार मोठं मन लागतं.

पशुलोक गंगेच्या काठावर. आणि इथंच हिमालयानं त्यांना आपलं दुखणं दाखवलं. पावसाळ्यात गंगेला पूर आला. पूर काय, गंगेला दरवर्षीच येतो. पण हा पूर वेगळा होता. आधी पाण्यातून झुडपं आणि फांद्या वाहत आल्या. मग मोठमोठे ओंडके. पाणी चढत गेलं तशी मुळासकट उपटलेली अख्खी झाडं आली, पाठोपाठ लहानमोठी गुरं. मधूनच एखादा माणूस, वाहून गेलेल्या आपल्याच झोपडीच्या तुकड्याला धरून. काठावरच्यांना काही करता येत नव्हतं. प्रवाहच इतका की माणूस वा जनावर कुठं बेटाला, काठाच्या कडेला अडकलं तरच वाचायचं.

आपण असतो तर हळहळलो असतो, मदतीचे कपडे गोळा केले असते आणि पुढच्या वर्षीच्या पुराची वाट पाहिली असती. मीराबेननी वेगळा प्रश्न विचारला. हे पाणी येतं कुठून आणि वर असं काय घडलंय? उन्हाळा आला की त्या नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरात जायला लागल्या. एक उन्हाळा, दुसरा उन्हाळा. शेवटी पशुलोकचा कारभार सरकारी माणसांच्या हाती सोपवला आणि टिहरी गढवालमध्ये भिलंगना नदीच्या खोऱ्यात एक छोटं घर बांधलं. त्याचं नाव गोपाल आश्रम. वय साठीला टेकलेलं, सोबत गाई, कुत्री आणि मोजकी माणसं. भोवती देखणा हिमालय आणि डोंगरउतारावर हिरवंगार रान.

या हिरव्या रानातच खरी गोम होती.

तिथल्या डोंगरात साधारण पाच-सहा हजार फुटांवर दोन झाडं महत्त्वाची. एक बांज, म्हणजे हिमालयातला ओक. रुंद पानांचा, गाठीगाठींच्या खोडाचा, सावकाश वाढणारा. दुसरा चीड, म्हणजे आपण ज्याला पाइन म्हणतो तो. सरळसोट, उंच, सुईसारख्या पानांचा, फोटोत फार छान दिसणारा. मीराबेन दोन्ही रानांतून हिंडल्या आणि त्यांनी पायाखाली पाहिलं.

बांजाच्या रानात पाय मऊ जमिनीत रुततो. वर्षानुवर्षं पडलेली पानं कुजून तिथं काळ्याभोर मातीचा जाड थर झालेला असतो. त्यात झुडपं, वेली, गवत यांची गच्च दाटी. पावसाचा मारा आधी पानांवर पडतो, मग झुडपांवर, मग त्या मऊ थरावर. तोपर्यंत त्याचा जोर संपलेला असतो. मग तो थर स्पंजसारखं पाणी पिऊन घेतो. काही पाणी उडून जातं, बाकीचं हळूहळू डोंगराच्या पोटात झिरपतं आणि उन्हाळ्यात खालच्या गावात झऱ्याच्या रूपानं बाहेर येतं. गार आणि गोड. गावातली बाई घागर भरते ते पाणी म्हणजे गेल्या पावसाळ्यात बांजानं ठेवलेली ठेवच म्हणा ना.

चिडाच्या रानात सगळं उलटं. खाली पडलेल्या वाळक्या सुया पटकन कुजत नाहीत. त्यांची निसरडी चटई होते. तिथले लोक तिला पिरूल म्हणतात. त्यातून दाट झुडुप वाढत नाही, मातीचा थर साचत नाही. पावसाचं पाणी त्या उतारावर थांबत नाही, माती-दगड घेऊन सुसाट खाली जातं. उन्हाळ्यात या राळभरल्या सुया म्हणजे रॉकेल शिंपडलेला पाचोळाच. एक ठिणगी पुरते. आगीत बांजाची कोवळी रोपं मरतात, चीड मात्र जाड सालीमुळे तगतो आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर आणखी पसरतो.

म्हणजे बघा, लांबून दोन्ही डोंगर हिरवेच! मोजणी केली तर झाडंही कदाचित तेवढीच भरतील. पण एका डोंगरावर पाणी थांबतं आणि दुसऱ्यावरून पळतं. म्हणून मीराबेन म्हणत, की नुसती तोड एवढंच कारण नाही, झाडांची जातच बदलली आहे, हे मोठं कारण आहे. १९५२ साली त्यांनी हे सगळं लिहून काढलं. पर्यावरण हा शब्दही तेव्हा आपल्या तोंडी नव्हता.

आता प्रश्न असा की चीड एवढा वाढला कसा? त्यासाठी शंभर वर्षं मागं जावं लागतं. एकोणिसाव्या शतकात देशात रेल्वे आली. रुळांखाली घालायला लाकडी स्लीपर हवेत, तेही लाखांनी. हिमालयातल्या देवदारावर सगळ्यांची नजर गेली. टिहरीच्या राजाकडून विल्सन नावाच्या इंग्रजानं जंगलं ठेक्यानं घेतली. झाडं तोडून ओंडके नदीत सोडायचे आणि खाली मैदानात अडवून घ्यायचे, असा व्यापार सुरू झाला. पाठोपाठ इंग्रज सरकारनं वनखातं काढलं, कायदे केले. गावाच्या रानाला सीमा पडल्या. कालपर्यंत ज्या रानातून बाई हक्कानं गवत आणायची तिथं ती आता चोर ठरायला लागली. टिहरीत १९३० साली तिलाडीला लोक जंगलाच्या हक्कासाठी जमले, तेव्हा राजाच्या फौजेनं त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कितीतरी माणसं गेली.

देवदार संपत आला तेव्हा चिडाकडे लक्ष वळलं. लाकूड टिकवण्यासाठी त्यावर औषध चढवायची पद्धत निघाल्यावर चिडाचेही स्लीपर चालायला लागले. शिवाय त्याच्या खोडाला खाच पाडली की राळ मिळते, तिच्यापासून टर्पेंटाइन होतं. म्हणजे झाड उभं असतानाही पैसा, आडवं केलं तरी पैसा. बांजाचं काय? वाकडंतिकडं लाकूड, ना फळीच्या कामाचं ना स्लीपरच्या. त्यातून सरकारी तिजोरीत काही पडत नव्हतं. झऱ्याचं पाणी, गुरांचा पाला आणि शेतातलं खत यांची बिलं कोण फाडणार? आपल्या घरकामासारखंच झालं हे. ज्या कामाचा पगार नाही, ते काम कुणाच्या हिशेबात धरलं जात नाही.

मीराबेन गावाला दोषातून पूर्ण मोकळं करत नाहीत, हे मला फार आवडतं. गावच्या बायका बांजाच्या फांद्या छाटतात, पाला गुरांना घालतात, लाकूड चुलीला वापरतात, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. छाटून छाटून बांज खुरटतो आणि मग चीड त्याच्या जागेत घुसतो. पण एवढ्यावर थांबून बायकांकडे बोट दाखवणं त्यांना मान्य नव्हतं. पूर्वी बांजाचं रान मोठं होतं, तेव्हा चार गावांची छाटणी त्याला सोसवत होती. चिडाचा पाला गुरं खात नाहीत, त्याच्या सुयांचं चांगलं खत होत नाही. मग चीड वाढला तसा सगळा भार उरलेल्या थोड्याशा बांजावर पडला. छाटणी तेवढीच, झाडं निम्मी. आणि बांज मेला तर वनखात्याच्या उत्पन्नात घट तर होत नव्हतीच, उलट भर पडत होती.

याचा त्रास सगळ्यात आधी कुणाला झाला? अर्थात बायकांना. डोंगरातले पुरुष फौजेत नाहीतर मैदानात नोकरीला. मागं शेत, गुरं, म्हातारी माणसं आणि पोरं बघणारी बाई. पाला लांब गेला, की तिची चाल वाढली. झरा आटला, की पुढच्या झऱ्यापर्यंत चाल वाढली. पाला कमी म्हणून गुरं रोड, गुरं रोड म्हणून शेण कमी, शेण कमी म्हणून शेत हलकं, शेत हलकं म्हणून नवरा पुन्हा मैदानात. एका झाडाची जात बदलली तर बाईच्या दिवसाचे किती तास जातात, याचा हिशेब कुठल्याच कचेरीत नव्हता.

मीराबेननी उपायही सुचवला होता. बांजाच्या पट्ट्यात घुसलेला चीड कमी करायचा, तिथं बांज पुन्हा लावायचा, उरलेल्या बांजाला छाटणीपासून विसावा द्यायचा आणि गावाला पाल्याची, सरपणाची दुसरी सोय करून द्यायची. म्हणजे नुसती बंदी नाही. त्यांनी लिहिलं, सांगितलं, सरकारदरबारी शब्द टाकला. पंतप्रधान नेहरूंशी त्यांची जुनी ओळख होती. पण धोरण काही बदललं नाही. देशाला तेव्हा धरणं, कारखाने, लाकूड, कागद सगळंच हवं होतं. गुरं राखणाऱ्या, मातीच्या घरात राहणाऱ्या बाईचं ऐकायला कुणाला वेळ होता?

नंतर काही काळ त्या काश्मिरात गुरांच्या जातीवर काम करत राहिल्या. तेही मनासारखं झालं नाही. १९५९ साली मीराबेननी भारत सोडला. चौतीस वर्षांपूर्वी सगळं सोडून आलेली बाई, हात रिकामे घेऊन परत गेली. आधी इंग्लंड, मग ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाजवळच्या रानाच्या कडेचं एक घर. तिथं त्यांनी आपल्या जुन्या बेथोवेनला पुन्हा जवळ केलं. वीसेक वर्षं त्या तिथंच राहिल्या. शेवटच्या काळात भारत सरकारनं पद्मविभूषण दिलं. २० जुलै १९८२ रोजी त्या गेल्या.

मग त्यांचं काम वाया गेलं का? मला तसं वाटत नाही. भिलंगनेच्या त्याच खोऱ्यात सिल्यारा या गावी सुंदरलाल आणि विमला बहुगुणा या जोडप्यानं १९५६ मध्ये आश्रम काढला. विमलाबाईंनी लग्नाआधीच अट घातली होती, की राजकारण सोडून खेड्यात राहाल तरच लग्न करीन! त्या कौसानीच्या सरलाबेनच्या तालमीत तयार झालेल्या. सरलाबेन म्हणजे गांधीजींच्या आणखी एक इंग्रज शिष्या, डोंगरातल्या मुलींसाठी शाळा काढणाऱ्या. या दोघी वेगवेगळ्या ठिकाणी काम करत होत्या, आणि गेल्याही एकाच महिन्यात, १९८२च्या जुलैत.

जुलै १९७० मध्ये अलकनंदेला महापूर आला, गावं आणि पूल वाहून गेले. मीराबेननी वीस वर्षांपूर्वी लिहिलेलं आता डोंगरातल्या माणसांना डोळ्यांसमोर दिसलं. १९७३ मध्ये चमोली जिल्ह्यात मंडल गावी ठेकेदाराची माणसं अडवली गेली. २६ मार्च १९७४ रोजी रेणी गावात पुरुष घरात नसताना गौरादेवी बायकांना घेऊन जंगलात गेल्या आणि झाडांच्या आड उभ्या राहिल्या. चिपको आंदोलन जगाला माहीत झालं. १९८०च्या सुमारास सरकारनं त्या भागात हजार मीटरच्या वर हिरव्या झाडांची व्यापारी तोड पंधरा वर्षांसाठी बंद केली. मीराबेननी शिकवलं आणि या बायकांनी केलं, असं मी म्हणणार नाही. रेणीच्या बायकांना झऱ्याचं आणि बांजाचं नातं शिकवायला कुणाची गरज नव्हती, त्या ते रोज डोक्यावर वाहत होत्या. मीराबेनचं मोठेपण असं, की हे ज्ञान अडाणी बायकांची बडबड नाही, शास्त्र आहे, हे त्यांनी ओळखलं आणि आधीच कागदावर मांडून ठेवलं.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. प्रत्येक पुराचं खापर चिडावर फोडता येत नाही. हिमालय मुळातच ठिसूळ, त्यात ढगफुटी, वर वितळणारा बर्फ, डोंगर फोडून केलेले रस्ते. २०१३ मध्ये केदारनाथला जे झालं किंवा फेब्रुवारी २०२१ मध्ये गौरादेवींच्या रेणीजवळच ऋषिगंगेला जो लोंढा आला, तो नुसती झाडं लावून थांबला नसता. चीडही काही बाहेरून आलेला शत्रू नाही, तोही तिथलाच. त्याची त्याची जागा आहे. चूक झाली ती त्याला दुसऱ्याच्या जागेत घुसू देण्यात. आणि ती चूक अजून जाळते आहे. २०१६ आणि २०२४च्या उन्हाळ्यात उत्तराखंडचं जंगल पेटलं तेव्हा पिरूलच्या त्या चटया सगळ्यांना आठवल्या. २०२४ मध्ये तिथल्या सरकारनं पिरूल गोळा करून आणणाऱ्याला किलोमागे ५० रुपये द्यायचं जाहीर केलं. म्हणजे मीराबेननी ज्या सुया बोटांत धरून पाहिल्या होत्या, त्या उचलायला सत्तर वर्षांनी पैसे द्यावे लागले.

तुम्ही म्हणाल, हिमालय कुठं आणि आपण कुठं. पण आपल्याकडची एखादी देवराई आठवा. आत शिरलं की अंधारून येतं, पायाखाली कुजलेला पाचोळा, आणि बहुतेक ठिकाणी जवळपास एखादा झरा किंवा विहीर. आता रस्त्याकडेची, माळावरची सरकारी लागवड आठवा. निलगिरी, कोकणात ऑस्ट्रेलियन बाभूळ. भराभर वाढणारी, गुरं तोंड लावत नाहीत म्हणून राखायला सोपी. लांबून सगळं हिरवं. आमच्या गावाजवळच्या टेकडीवर अशी हिरवाई आली तेव्हा आम्हीही किती खूश होतो! पण त्या टेकडीवर पक्षी दिसत नाहीत, खाली गवत नाही, आणि पायथ्याच्या विहिरीचं पाणी काही वाढलेलं नाही. मीराबेनबद्दल वाचल्यापासून माझी नजर वर शेंड्याकडे न जाता आधी खाली जमिनीकडे जाते.

पावसाळ्यात आपल्याकडे शाळेत, बचत गटात, महिला मंडळात वृक्षारोपण असतं. रोपं बहुतेकदा आणून दिलेली असतात, आपण खड्ड्यात लावून फोटो काढतो. यंदा जरा विचारून बघा. हे झाड इथलं आहे का? याचा पाला गुरं खातात का? पानं पडली की कुजतात का? याच्याखाली दुसरं काही उगवतं का? उत्तर देणाऱ्या साहेबाला कदाचित माहीत नसेल. मग गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या आजींना विचारा, ज्यांनी आयुष्यभर मोळी आणि भारा वाहिलाय. त्यांना नक्की माहीत असतं. मीराबेननीही त्यांनाच विचारलं होतं.